कॉफीपुरतं पांढरं

"एवढं दुधासारखं लागतं म्हणतेस, तर दुधातलं काहीतरी असणारच त्यात. त्यापेक्षा कोरी पी ना," असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या दोघी तेव्हा मोठ्या दुकानात कॉफीच्या मांडणीपुढे उभ्या होत्या. गुंडी आजीच्या खांद्यावर झोपलेली. गुंडी म्हणजे तिची मुलगी. नाक शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून आजीने हे नाव ठेवलं आणि दाखल्यावरचं खरं नाव दाखल्यावरच राहिलं. बाळंतपणाची रजा संपत आली होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे, हे तिचं काम. त्या खोलीतली दुपार कॉफीशिवाय पुढे सरकत नसे आणि कोरी कॉफी तिच्या घशाखाली उतरत नसे. पण दूध तिला बंद होतं.

बंद झालं ते गुंडीमुळेच. मूल जेमतेम बाळसं धरत होतं तेवढ्यात एका सकाळी गुंडीच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली. गालांवर लाल चट्टे उठले, पाजलं की मूल पाय पोटाशी घेऊन कळवळायचं, आणि वजनाचा काटा जागचा हलेना. बाळाच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं होतं की काही बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, आणि आई जे खाते ते अंगावरच्या दुधातून त्यांच्यापर्यंत पोचतं. तेव्हा आईनेच दूध, दही, लोणी, चीज, केक, बिस्किटं सगळं सोडायचं. आणि पुन्हा असं झालं, वजन उतरलं, तर मात्र अंगावरचं बंद करून डब्यातलं खास दूध सुरू करावं लागेल, वेळ आली तर दवाखान्यात ठेवावं लागेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

तिने त्या दिवसापासून दुधाच्या वाटेला जाणं सोडलं. रेघ गेली, चट्टे मावळले, गुंडी हसायला लागली. पण तिच्या मनातली धाकधूक काही गेली नाही. डायपर बदलताना ती खिडकीपाशी, उजेडात न्यायची. नवरा म्हणायचा, सोनारसुद्धा सोनं इतकं निरखून बघत नसेल.

तर त्या दिवशी दुकानात तिने क्रीमर, म्हणजे दुधाऐवजी कॉफीत घालायचं ते पांढरं, निवडायला घेतला, तोही असाच निरखून. एकात साखर फार. एकातलं तेल तिला पटेना. सोयाबीनचा घ्यावा तर डॉक्टरांनी म्हटलं होतं की अशा काही मुलांना तेही चालत नाही. बदामाचा पातळ क्रीमर बरा होता, पण उघडला की लवकर संपवायला हवा, आणि चष्म्याच्या दुकानातल्या त्या एवढ्याशा फ्रीजमध्ये मालकांच्या डब्यांनाच जागा पुरत नाही. शेवटी तिच्या हाताला एक भुकटीची पिशवी लागली. हिरव्या पानाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘नॉन-डेअरी’, म्हणजे दुधाचं नाही, साखर कमी, तेल नारळाचं. पिशवी फिरवून तिने मागचंही वाचलं. सोडियम केसिनेट असा एक शब्द मध्ये आला. सोडियम म्हटल्यावर तिला मीठ आठवलं. तिने मिठाचं प्रमाण शोधलं, ते अगदीच किरकोळ होतं, आणि तिचं समाधान झालं. पिशवीचा तळ घडी घालून चिकटवलेला होता. तो काही तिने उलगडला नाही.

सासूबाई एवढा वेळ नातीला थोपटत उभ्या होत्या. म्हणाल्या, दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस आणि सुट्टीत स्वतः वाचत बसतेस. आणि मग ते कोरी पिण्याबद्दलचं. तिने हसून सांगितलं, "आई, हे नारळाचं असतं. तुमच्या वेळी मिळत नव्हतं म्हणून तुम्हाला तसं वाटतं." सासूबाईंनी मान हलवली आणि विषय सोडला. टेलिफोन खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई. आपलं सांगून झालं की मधून बाजूला व्हायचं, ही त्यांची जुनी सवय. शिवाय याच सासूबाई पहिल्या महिन्यात ‘चमचाभर गाईच्या दुधाने काय होतंय, आम्ही नाही का दिलं’ असं म्हणून गेल्या होत्या. अशा माणसाचा दुधाबद्दलचा सल्ला कोण ऐकणार?

पिशवी थेट कामाच्या जागी गेली आणि तिच्या टेबलाच्या खणात विसावली. ती सकाळी जायची, दुपार कलली की परतायची. तोवर गुंडी आजीपाशी. फ्रीजमध्ये पंपाने काढलेल्या दुधाच्या बाटल्या ती ओळीने लावून ठेवायची, निघताना गुंडीला डॉक्टरांनी सांगितलेले व्हिटॅमिनचे थेंब स्वतः द्यायची आणि याशिवाय दुसरं काही देऊ नका, हे रोज बजावायची. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात एक कप, मग डबा खाल्ल्यावर एक, कंटाळा आला की आणखी एक. कॉफी छान पांढरी व्हायची. कितीतरी दिवसांनी काहीतरी मनासारखं मिळाल्यासारखं वाटायचं.

आणि मग एके दिवशी गुंडीच्या गालावर चट्टा दिसला.

आधी तिला वाटलं, उशीच्या अभ्र्याचं घर्षण असेल. मग दुसरा गाल. मग ती रात्ररात्र किरकिर. मग खिडकीच्या उजेडात पुन्हा तीच बारीक, लाल रेघ. डॉक्टरांनी वजन बघितलं, भुवया एकत्र आणल्या आणि विचारलं, तुमच्या खाण्यात कुठून दूध येतंय का? तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, एक थेंबही नाही. ते म्हणाले की मग बाळाला कुणी बाहेरून काही देत नाही ना, बघा.

त्यांनी ते सहज विचारलं असेल. तिच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं. मूल बिघडलं कधीपासून? ती कामावर जायला लागल्यापासून. तेव्हापासून घरात कोण असतं? गणित इतकं सरळ होतं की दुसरं काही सुचायला जागाच नव्हती. ती बाटल्यांचा वास घेऊ लागली. ओट्यावरचे चमचे मोजून ठेवू लागली. दुपारी अचानक फोन करून ‘आत्ता काय चाललंय’ विचारू लागली. सासूबाई सांगायच्या, झोपलीय, आणि त्यांच्या आवाजात तिला काहीतरी लपवल्यासारखं ऐकू यायचं. नवऱ्याकडे बोलून बघितलं तर तो लिफ्टच्या दुरुस्तीवरून दमून आलेला. आई असं करणार नाही, एवढंच म्हणून तो अंघोळीला गेला.

मग तिने तो जुना फोन काढला. पडद्याला तडा गेलेला, पण कॅमेरा चालू. सकाळी निघायच्या घाईत तो पुस्तकांच्या फळीवर, फ्लॉवरपॉटच्या आड तिरका ठेवला आणि चित्रण सुरू करून ती घराबाहेर पडली.

संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावून तिने ते बघायला घेतलं. सगळं बघायला धीर नव्हता. बोटाने पुढे पुढे ढकलत गेली. सासूबाई झाडतायत, सासूबाई पाळण्यापाशी, सासूबाई खोलीत नाहीत. आणि मग त्या गुंडीला मांडीवर घेऊन बसल्या आहेत, हातात चमचा आहे, आणि चमच्यात पांढरं काहीतरी. गुंडी मिटक्या मारत होती. तिने तिथेच थांबवलं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

सासूबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. नवरा नुकताच आला होता. तिने दोघांच्या मधे तो फोन ओट्यावर ठेवला.

"आई, चमच्यातून काय दिलंत तिला?"

सासूबाईंनी फोनकडे बघितलं, तिच्याकडे नाही. "सकाळीच दिसला होता मला तो. वाटलं, विसरली असशील."

"मी काय विचारतेय?"

"थेंब दिले. डॉक्टरांनी सांगितलेले. तुझ्याच दुधात घालून."

"थेंब मी निघताना दिले होते."

सासूबाईंनी हातातला बटाटा पाण्यात सोडला. त्या गप्प राहिल्या याचाच तिने अर्थ काढला. मग तिच्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते तिलाही सगळं आठवत नाही. तो पहिल्या महिन्यातला चमचाभर दुधाचा विषय निघाला, जुन्या लोकांचा हट्ट निघाला. नवरा मधे पडत होता, त्यालाही तिने गप्प बसवलं. शेवटचं वाक्य मात्र तिच्या पक्कं लक्षात आहे, कारण ते बोलताना तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"तुमच्याच हाताने एक दिवस माझं मूल जाईल."

सासूबाईंनी उरलेले बटाटे सोलून संपवले. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग दारात होती. आपलं घर बरेच दिवस बंद आहे, नळाचं काही झालं असेल तर बघायला हवं, असं त्या म्हणाल्या. नवरा त्यांना बसपर्यंत सोडून आला आणि आल्यावर बराच वेळ बूट न काढता बसून राहिला.

तिने पुन्हा रजा घेतली. आता ती आणि गुंडी, दोघीच. आणि गुंडी सुधारली. किरकिर थांबली, गाल स्वच्छ झाले, रेघ दिसेनाशी झाली. यापेक्षा वेगळा पुरावा काय असतो? तिने आपल्या आईला फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं. बहिणीला सांगितलं. चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीलाही सांगितलं. ती म्हणाली, माझी सासू तर याच्या वरताण आहे, आणि दोघी खूप दिवसांनी पोटभर हसल्या. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण मुलासाठी वाईटपणा घ्यावाच लागतो अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत पटतही होती. नवरा आईचा विषय काढत नव्हता आणि तीही काढत नव्हती.

रजा काही जन्मभर पुरणारी नव्हती. नवऱ्याने आपली पाळी बदलून घेतली. सकाळ-दुपार गुंडी त्याच्याकडे, मग ती आली की तो कामावर. ती पुन्हा अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारू लागली, आता स्पष्ट दिसतं का, की आधी दिसत होतं? खणात पिशवी होतीच, वर चिमटा लावून ठेवलेली.

चट्टे आणि ती लाल रेघ परत आली तेव्हा डायपर बदलायला नवरा बसला होता. त्याने तिला हाक मारली नाही. गुंडीला तसंच उचलून खिडकीपाशी आणलं, तिला दाखवलं, आणि हळू आवाजात विचारलं, "आता कुणाचं नाव घेशील?"

डॉक्टरांकडे काट्यावर गुंडीचं वजन मागच्या खेपेपेक्षा कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर आपल्याला अंगावरचं थांबवावं लागेल. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं परत विचारायला घेतलं. घरी काय खाता. बाहेर काय खाता. कामावर? कामावर काहीच नाही, डबा घरचाच असतो, असं ती म्हणाली. आणि प्यायला? पाणी, ती म्हणाली. आणि कॉफी. पण ती दुधाची नाही.

"मग कशाची?"

नवरा तिथल्या तिथे स्कूटर घेऊन गेला आणि तिच्या टेबलाच्या खणातली पिशवी घेऊन आला. डॉक्टरांनी समोरचं हिरवं पान बघितलंसुद्धा नाही. मागे वळवून बोट फिरवत नेलं, मग तळाची घडी नखाने उलगडली. घडीच्या आत, चिकटवलेल्या कडेला, एक ओळ होती की यात दुधाचा घटक आहे. केसिनेट म्हणजे दुधातलंच प्रथिन, ते म्हणाले, आणि तुमच्या मुलीला नेमकं तेच चालत नाही.

"पण समोर लिहिलंय की," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

असं पुष्कळदा लिहिलेलं असतं, डॉक्टर म्हणाले. त्यात त्यांचा दोष देण्याचा सूर नव्हता. हे बंद करा, अंगावरचं चालू ठेवून बघू, नाही जमलं तर मग पुढचं. आणि असा आईचा चेहरा त्यांनी आधीही बघितला असावा, कारण त्यांनी जाता जाता एवढंही सांगितलं की वेळेवर कळलंय, मूल सावरेल.

मूल सावरेल. ती बाहेरच्या बाकावर बसली आणि पर्समध्ये तेव्हापासून पडून राहिलेला तो तडा गेलेला फोन काढला. का काढला ते तिला सांगता आलं नसतं. ते चित्रण अजून त्यात होतं. या वेळी तिने ते पहिल्यापासून लावलं आणि बोटाने पुढे ढकललं नाही.

पहिल्यांदा तिचाच चेहरा दिसला, मोठा, वाकडा, फोन नीट टेकवताना. मग तिची पाठ, दाराकडे पळणारी. तिच्या मागे कपाटावर थेंबांची बाटली होती. जशी आदल्या दिवशी ठेवली होती तशीच, टोपण घट्ट. ती विसरली होती. घरात कॅमेरा लावायच्या घाईत मुलीचं औषध विसरली होती.

मग सासूबाई आल्या. त्यांनी बाटली उचलून बघितली, क्षणभर दाराकडे बघितलं, बाटली बाजूला ठेवली. मग दुधाचा चहा घेऊन त्या खोलीतून बाहेर गेल्या, सज्जात, आणि दार ओढून घेतलं. परत आल्या तेव्हा चूळ भरून आल्या होत्या, पदराने तोंड पुसत. कोपरापर्यंत हात धुतलेले, पाणी निथळत होतं. मग फ्रीजमधून तिच्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेली बाटली काढली, चमच्यात दूध घेतलं, त्यात मोजून थेंब सोडले. हे सगळं झाल्यावर तो चमचा आला होता, जिथे ती थांबली होती. पुढे बघितलं तर गुंडीला खांद्यावर घेऊन सासूबाई उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर फळीकडे गेली. सरळ कॅमेऱ्यात. त्या जवळ आल्या. फोन उचलतील असं वाटलं. पण त्यांनी फ्लॉवरपॉट थोडा बाजूला सरकवला, फोनला नीट दिसावं म्हणून, आणि नातीला घेऊन उजेडात जाऊन बसल्या.

नवऱ्याने तिच्या खांद्यावरून शेवटचं तेवढं बघितलं.

तिने सासूबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ज्या बाईने जन्मभर पहिल्या घंटीला उत्तर दिलं, ती उचलत नव्हती. संध्याकाळी उचलला. तिने एका दमात सगळं सांगितलं. पिशवी, घडी, केसिनेट, थेंब. माझं चुकलं, आई, असं दोनदा म्हणाली. पलीकडून प्रश्न आला, गुंडीचं वजन किती भरलं? ते सांगितल्यावर, बरं, जप तिला. परत या ना, ती म्हणाली. येईन सवडीने, सासूबाई म्हणाल्या, आणि सवड काही होईना.

तेव्हा मग ती तिघंच सासूबाईंकडे गेली. गुंडी तोवर पुन्हा गुटगुटीत झाली होती, आजीला दाखवण्याजोगी. दार उघडलं त्या सासूबाईच होत्या, पण अंगावरचे कपडे ढगळ झालेले. घर लखलखीत होतं, नको इतकं. शेजारीण जिन्यात भेटली होती. ती म्हणाली, आल्यापासून बाहेरच पडत नाहीत, विचारलं तर म्हणतात की तिकडे करमलं नाही.

तिने गुंडीला पुढे केलं. सासूबाईंनी हात उचलले आणि तसेच मागे घेतले. "थांब, हात धुऊन येते." नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या, टॉवेलने एकेक बोट पुसलं, आणि पुन्हा उंबऱ्यातच थांबल्या. हात पार फाटले होते. नखांच्या कडेला रक्त सुकलेलं, तळवे सुती कापडासारखे पांढरेफटक.

"आई, तुमचं काही नव्हतं त्यात," ती म्हणाली. "माझ्या कॉफीत होतं. मी सांगितलं ना फोनवर."

"सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. "पटलंही. पण मी चहा पीत होते ना तेव्हा. कपाला लागलं असेल, पदराला लागलं असेल. थोडं माझंही असेल." आणि मग नातीकडे बघून हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "तूच धर तिला. मी इथून बघते."

ती परत निघाली तेव्हाही त्यांनी गुंडीला हात लावला नव्हता. त्यानंतरही ती जाते, दर सुट्टीला जाते. कधी त्या एक बोट पुढे करतात आणि गुंडी ते पकडते. कधी तेवढंही नाही. बोललेलं वाक्य परत घेता येतं, असं तिला पूर्वी वाटायचं.

गुंडीची काळजी करू नका, ती छान आहे. पण तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत अशी कुणी बाई असेल, लेकाकडे म्हणून गेलेली आणि अचानक परतलेली, विचारलं तर करमलं नाही म्हणणारी, दार अर्धवट उघडून बोलणारी, तर आज तिची बेल वाजवा. नुसतं बरं आहे ना म्हणून विचारू नका, ती बरं आहे असंच सांगेल. आत जा. तिचे हात बघा. आणि उठायची घाई करू नका, थोडा वेळ तिच्याजवळ बसा.